मामाच्या ऑफिसचं दार

कुंभार पिंपळगाव,
१५ जानेवारी २०२६

ती. सौ. सुरेखाताईस,
माऊलीचा सा. न. वि. वि.

सहा तारखेला दुपारी सव्वाबाराला ज्योत्स्नानं माझ्या हातचं पाणी नाकारलं आन् ताई, त्या घडीला माझं आयुष्य बदललं.

पत्र बघून घाबरू नको. माझा मोबाईल सहा नंबरच्या घराच्या कोब्यात पडला, वरून काँक्रीट गेलं. थोडा वेळ रिंग ऐकू येत होती. पुंजाराममामा म्हणाला की तुझ्या मोबाईलसाठी कोबा फोडणार न्हाई. म्हणून पोस्ट.

सप्टेंबरच्या पुरात नदीनं नेलेली वीस घरं मामा नव्यानं बांधून राह्यला, हे तुला माहीतच आहे. मला त्यानं नऊ बायांच्या टोळीवर मुकादम केलंय. त्यातली एक ज्योत्स्ना. ती घमेलं घेऊन शिडी चढायला लागली की माझी विटांची मोजणी चुकते. रोज तिला जारचं थंड पाणी नेतो, नको म्हणते. लिंबू सरबत नेलं, नको. उसाचा रस नेला, तो तिनं थोरल्या गिरिजाबाईला दिला आन् गिरिजाबाईनं गवंड्याला पाजला. काल संक्रांतीचा तिळगूळ मात्र घेतला, वर हसलीसुद्धा! मंग पाण्यानंच काय घोडं मारलंय? जेवण जाईना. जल्दी काहीतरी सुचव.

लोभ आहेच, हे पत्र आईला दाखवू नको.
तुझा,
माऊली


परतूर,
२० जानेवारी २०२६

चि. माऊलीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून तुझे दाजी इतके हसले की चहा अंगावर सांडला. मला मात्र तुझं अंबडचं कॉलेज आठवलं. हजेरीवरून सरांशी भांडलास, कॉलेज अर्ध्यात सोडलंस आणि निघताना दार असं आपटलंस की काच खाली. तुझा राग नेहमी दारालाच कळतो.

येड्या, ती तुला नाकारत नाही, पाण्याला नाकारते. बाकीच्या आठजणी तरी पितात का, बघितलंस? दहावीला आमच्या शाळेत मुलींना बाथरूम नव्हतं. सबंध वर्ष आम्ही घोटभर पाण्यावर काढलं. आईला वाटायचं, सुरेखाला तहानच लागत नाही. तिथं बायांना जायला जागा आहे का, ते गिरिजाबाईला विचार. ज्योत्स्नाला बिलकुल विचारू नको. आणि तो रस-सरबत बंद कर, पोरीचा छळ चाललाय!

जेवत जा, आणि भांडायचं तर आधी विचार करून भांड.
तुझी,
ताई


कुंभार पिंपळगाव,
२ फेब्रुवारी २०२६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं बराबर निघालं. गिरिजाबाई आधी पदर तोंडाला लावून हसली, मंग माझ्यावरच तापली. म्हणाली, एवढे दिवस डोळे कुठं होते तुझे? (कुठं होते ते मी सांगितलं न्हाई.) नदीकाठची बेशरमाची झाडी पुरानं साफ नेली, आडोसाच उरला न्हाई, आन् भिंतीवर दिवसभर गवंडी उभे. बाया पहाटे जातात ते थेट अंधार पडल्यावर. दोघी तर लघवीच्या जळजळीनं आजारी पडल्या. ताई, वीस घरांना आम्ही वीस संडास बांधून राह्यलो आन् बांधणाऱ्यांना एक न्हाई! बांधून झालेत त्यांना उद्घाटनाचे पाहुणे येईपर्यंत कुलूप.

मामाला म्हणालो, एक उघड. तर म्हणे, घरमालक काय म्हणतील? मंग बायांसाठी वेगळा बांध. तर म्हणे, महिन्याभराच्या कामाला कशाला? मंग मीच दोन गवंड्यांच्या पाया पडलो आन् दोन रविवारांत उरल्या विटांचा एक उभा केला, शोषखड्ड्यासकट. मामानं दार तेवढं दिलं न्हाई. काल तो अंबडला गेल्ता. मी त्याच्या पत्र्याच्या ऑफिसचं दार बिजागऱ्यांसकट काढून संडासाला बसवलं. परवानगीशिवाय आत येऊ नये, ही त्यावरची पाटी तशीच ठेवली.

आज सकाळी मामा येऊन बघतो तर ऑफिसात शेळी, मामाच्या खुर्चीजवळ उभी राहून कालच्या डब्यातली भाकर खाऊन राह्यली. मामा कडाडला की दार परत लाव, न्हाईतर कॉलेज सोडलंस तसं हेही सोड, उद्यापासून तोंड दाखवू नको. मी म्हणालो, दार मिळणार न्हाई, हा चाललो. तिथून दार आपटून निघायची अशी हौस आली ताई, की हात मागं नेला आन् बघतो तर दारच न्हाई! शेळी माझ्याकडं बघून राह्यली. बाहेर ज्योत्स्ना पोट धरून हसली. मंग नऊच्या नऊजणी घमेली पालथी घालून त्यावर बसल्या. गिरिजाबाईनं सांगून टाकलं की हे दार आन् हा मुकादम, दोन्ही जागेवर राहतील तरच वीट उचलू. मामा दुपारपासून नुसता फेऱ्या मारून राह्यला.

माझ्यासाठी देवापुढं दिवा लाव, दाजींना मात्र हसू देऊ नको.
तुझा,
माऊली

ता. क. पाकीट चिकटवणार, तर ज्योत्स्ना आली. आतली कडी बसत न्हाई म्हणाली. पेचकस घेऊन गेलो. बाहेर सगळ्यांची रांग, मी आत कडीशी झटून राह्यलो. तेवढ्यात ती माझ्या जारपाशी गेली. एक ग्लास प्याली. दुसरा प्याली. तिसरा संपवून तिथूनच मला ऐकवलं की मुकादम, आता जल्दी आटपा, कॉलेजसारखं अर्ध्यात सोडू नका. मी शेवटचा स्क्रू पिळला, बाहेर आलो आन् सगळ्यांना दिसावं म्हणून दार लावून दाखवलं. अलगद.