उपग्रहावरची नावं

मंगरूळपीर,
८ जानेवारी २०२५

चि. राधिका,
अ. उ. आ.

फोनवर तू ‘हो आत्या’ म्हणून सुटतेस, म्हणून पत्र. काल कॉलेजच्या सत्कारात तुझा उपग्रह पाहिला. दहा सेंटिमीटरचा चौकोनी डबा! शेजारच्या गोमतीबाईंनी तो मसाल्याचा समजून झाकण कुठाय, असं विचारलं.

दोन वर्षं तारा जोडत बसलीस तू, आणि संस्थेच्या अध्यक्षांनी भाषण सुरू केलं स्वतःच्या आजोबांपासून. तुझं नावही नाही. निघताना मी त्यांना ऐकवलंच, की आमच्याकडे चमच्यावरसुद्धा नाव कोरतात. मग या उपग्रहावर तो करणाऱ्या पोरीचं काहून नाही? नुसते हसले.

सविस्तर लिही. आळशी पत्र परत पाठवीन.

तुझी,
विजयमाला आत्या

वाशीम,
१ फेब्रुवारी

ती. विजयमाला आत्यास,
राधिकाचा शि. सा. न.

उपग्रह तपासणीत नापास होऊन परत आला. त्याच्या चार कडा अगदी गुळगुळीत लागतात. त्यांवरूनच तो रॉकेटमधल्या पेटीतून घसरत बाहेर पडतो. मी मिरच्या तोडायला आसेगावला शेतात गेले, त्या दोन दिवसांत अध्यक्षांनी भांड्यांच्या दुकानातला नावं कोरणारा बोलावला. कडा रिकाम्या दिसल्या, म्हणून त्यांवर सातही विश्वस्तांची नावं घातली. मी परतले तेव्हा खोकं सीलबंद होतं. कल्पना तुमचीच, असं ते सांगतात.

रॉकेटमधली आमची जागा दुसऱ्या कॉलेजला गेली. आता निष्काळजीपणा माझा, असं लिहून मागतात. नाहीतर पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र नाही. बाबा म्हणून राह्यले, सही कर न् मोकळी हो. उद्या करते.

रागावा, पण माया पातळ करू नका.

तुमची,
राधिका

मंगरूळपीर,
९ फेब्रुवारी

चि. राधिका,
आशीर्वाद आहेत. राग वेगळा.

पत्र पोचलं तेव्हा तुझी सही होऊन गेली होती. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर पट्टीनं बोटं सुजवायच्या, पण न केलेल्या चुकीवर सही मागत नव्हत्या. तुझ्या बाबाला, हिरालालला म्हणावं, बहीण अजून जिवंत आहे, विचारायचं होतंस.

काल वाशीमला कॉलेजात जाऊन आले. तुला कळवलं नाही. तू अडवलं असतंस. उपग्रह ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवलाय. शिपायानं कौतुकानं दाखवला. सातही नावं सुबक आहेत, चष्म्याशिवाय वाचता येतात. समोरच्या फळ्यावर तुझं माफीपत्र.

तुझं नाव लागावं म्हणून टोमणा मी मारला होता, राधिका. त्या अख्ख्या इमारतीत ते तेवढ्याच कागदावर आहे.

जमलं तर या म्हातारीवर लोभ ठेव.

विजयमाला आत्या