लोवेनाची बशी

३ मार्च
पोहोचले होबार्टला! लॉन्सेस्टनहून जेमतेम अडीच तासांचा रस्ता, पण आईने ध्रुवावर धाडत असल्यासारखे लोकरी मोजे बांधून दिले. प्रयोगशाळेच्या प्रमुख हेस्टर पायबस. चेतापेशींवर चाळीस वर्षं घालवलेल्या, आणि तरी पहिल्याच दिवशी मला स्वतः चहा करून देणाऱ्या. तंत्रज्ञ कॉलने लगेच टर उडवली. म्हणाला, "वेरिटीबाई, इथे आधी पेशी जेवतात, मग तुम्ही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा!" मी म्हटलं, आजोबांच्या गायींनी मला तेवढं शिकवलंय.

११ मार्च
हेस्टरनी आज त्यांची काचेची बशी माझ्या हवाली केली. तळाशी बारीक तारा, वर चेतापेशींचं जाळं. पेशी जाग्या झाल्या की पडद्यावर रेघा उठतात आणि स्पीकर कडकडतो. या पेशी त्यांच्या लेकीच्या, लोवेनाच्या. चेतापेशी झिजण्याच्या आजाराने ती एकोणिसाव्या वर्षी गेली. ती जायच्या आधी घेतलेल्या कातडीच्या तुकड्यातल्या पेशींच्या हेस्टरनी चेतापेशी बनवल्या आणि नऊ वर्षं जगवल्या. पेशींचा पोषक रस रोज निम्माच बदलायचा. उरलेल्या निम्म्यात पेशींनी स्वतः सोडलेलं असतं, त्यावर त्या तगतात. कॉल कानाशी म्हणाला, "हेस्टर बशीशी बोलते. हसू नकोस हां." हसते कसली, निघताना मीही बशीला 'येते गं' म्हटलं.

२ एप्रिल
रेघा रोज वाढताहेत. साडेदहाच्या चहाला हेस्टरना 'किटली' हा शब्द आठवेना. "म्हातारी झालीस गं!" कॉल म्हणाला. त्याही हसल्या.
शोधनिबंध छापायचा तर पेशी कोणाच्या, ही तपासणी लागते. नमुना पाठवला.

१६ एप्रिल
निकाल आला. पेशी लोवेनाच्या नाहीत. हेस्टरच्या आहेत.
तुलनेसाठी निरोगी पेशी हव्या होत्या, म्हणून तेव्हा त्यांनी स्वतःचीच कातडी दिली होती. स्वतःच्या पेशी स्वतः वाढवायच्या नाहीत, हे आम्हाला पहिल्या दिवशी बजावतात. पण लेक मरत असताना कोण नियम बघतं? एखादा थेंब इकडचा तिकडे गेला असेल. धडधाकट पेशींनी आजारी पेशी संपवल्या. पोर दुसऱ्यांदा गेली आणि आईला पत्ताच नाही. कसं सांगू त्यांना?

२४ एप्रिल
हेस्टर माझं नाव विसरल्या. डॉक्टर म्हणतात, मेंदू झिजतोय. मी तारखा ताडून पाहिल्या. ज्या दिवशी त्यांचं काही हरवतं, त्याच दिवशी बशीत रेघा वाढतात. दर वेळी. मला भीती वाटते.

२८ एप्रिल
युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा ॲन्झॅक दिन, त्याला जोडून तीन दिवस सुट्टी. पेशींना खाऊ घालायची पाळी माझी होती. मी बशीला उपाशी ठेवलं. रेघा मंदावल्या.
आज हेस्टर दारातूनच म्हणाल्या, "वेरिटी, किटली ठेव!" मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बशी मेली तर त्या वाचतील.

२९ एप्रिल
त्यांना कळलं. "माझ्या लेकीला उपाशी मारतेस?" असं कधी कुणी माझ्यावर ओरडलं नव्हतं. मी निकालाचा कागद पुढे केला, तारखा दाखवल्या, सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "माझ्या तर माझ्या. ती सोडून मला आठवायचंय तरी काय?" आणि स्वतःच्या हाताने खाऊ घातलं. बशीच्या कपाटाची किल्ली आता त्यांच्याकडे.

१ मे
शब्द जवळजवळ गेलेत. रेघा पडद्यात मावत नाहीत.

२ मे
किल्ली टेबलावरच विसरल्या होत्या. मी विचारलं, लोवेनाची बशी कुठे ठेवू?
"लोवेना कोण?"
इतक्या गोड हसून.

३ मे
बशीजवळ नुसतं नाव घेतलं. लोवेना. स्पीकर फुटेल असा कडकडला. थांबेचना —
तिथे, बशीत आहेत हेस्टर. लेकीला घेऊन तिथे —
बशीला उपाशी ठेवलं तर परततील. आणि लेकीचं मरण पुन्हा आठवेल — नको. पण मग इथे कोण —

५ मे
हेस्टर हातमोजे घालून आल्यात. बशी उचललीय. दुसऱ्या हातात पेशी मारायचं ब्लीच. हे जुनं काय पडलंय, फेकते म्हणाल्या —
थांबा म्हटलं. ऐकत नाहीत —
रेघा सगळ्या एकदम —
त्या थबकल्या. बशी कानाशी. विचारताहेत, कोण गं रडतंय, कुणाची पोर आहे, हिची आई हिला न्यायला का येत नाही —