पत्राची मागची बाजू

७ ऑगस्ट १९७२, सोमवार

झुंबरबाई, ही वही तुझीच आहे. पुढं कधी वाचून घेशील आणि म्हणशील, हे मी कुठं बोलले? चुलीवर दूध ठेवून शेजारणीकडे गप्पा मारायला जाणारी बाई तू, तुझा काय भरवसा. म्हणून आजपासून रोज लिहायचं. म्हणजे मी सांगायचं, सुनेनं लिहायचं. शालू सातवी पास आहे. इकडच्या बायकांसारखं मी 'जातो' म्हणते, ती 'जाते' लिहिते. लिहू दे. शिकलेल्या माणसाला सुधारण्याची खोडच असते.

आज खासदार हंबीररावांचं पत्र आलं. दर महिन्याला दिल्लीहून येतं. छापील, वर शाईनं माझं नाव. गावात पंचवीस जणांना येतं, पण माझं वेगळं. पुढच्या बाजूला लोकसभा, साखर, रेल्वे. मग शालू पान उलटते. मागं माझ्या पोराचं, आकारामचं असतं. साहेबांनी मंत्र्यांना विचारलं, शिपाई आकाराम डिसेंबरच्या लढाईपासून बेपत्ता आहे, तो पाकिस्तानच्या कैदेत आहे काय? मंत्री म्हणाले, चौकशी चालू आहे.

मागची बाजू मला कोरी दिसते. मोतीबिंदू.

८ ऑगस्ट

आज काही झालं नाही.

११ सप्टेंबर

पाच आठवडे वही राहिली. शालूला वेळ नव्हता. मलाही काही सुचलं नव्हतं, हे लिहू नको म्हटलं, तर नेमकं तेच लिहिलं.

पत्र आलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, मंत्री पुन्हा म्हणाले चौकशी चालू आहे. दिल्लीची माणसं मंद दिसतात. आमच्याकडे कोंबडी हरवली तर दिवस मावळायच्या आत कुणाच्या रश्श्यात गेली ते कळतं.

मागचं वाचताना शालू अडखळते, नाक ओढते. अक्षर बारीक असावं.

गोधडी शिवायला घेतली. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवला. शालूला तीनदा थुंकी लावावी लागते.

ठराव: आकारामची बरणी कुणी उघडायची नाही. वैशाखात कुटलेली कांदा-लसणाची चटणी आहे, वर फडकं बांधलंय. रजेवरून जाताना दर वेळी एक बरणी न्यायचा. आक्का, माझी नात, तीन वर्षांची. तिला बाप आठवत नाही. बाबा कुठं विचारलं की बरणीकडे बोट दाखवते.

२ डिसेंबर, सकाळी

पंचायतीच्या रेडिओवर सांगितलं, कैदी सोडले. म्हटलं होतं की नाही? साहेब दर महिन्याला टोचणी लावत होते. आजच भिंतीला चुना मारून घ्यायचा. शालूला वेणी घालायला सांगितली. आजपासून तिच्यावर ओरडायचं नाही.

दुपारी

नावं सांगितली नाहीत. यादी लांब असणार. चुना पातळ केला म्हणून शालूवर ओरडले.

२८ डिसेंबर

आकाराम आला नाही. जयसिंगपूरचा रशीद आला. आकारामच्याच पलटणीतला, कैदेतून सुटलेला. वाळून काटकी झालाय. उंबऱ्यातच बसला. म्हणाला, "मावशी, आकाराम माझ्या शेजारी पडला. डोळं मीच मिटलं त्येचं."

मी म्हटलं, "सरकारी कागद हाय?"

म्हणाला, कागद नाही, पण मिलिट्रीला सगळं लिहून दिलंय. म्हटलं, खासदार दिल्लीत बसून चौकशी करतोय आणि तुला जयसिंगपुरात जास्त कळतं व्हय? पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं केला नाही. उठताना बरणीकडे बघत राहिला. ह्याच चटणीवर दोघं जेवायचो म्हणाला.

शालू मागच्या दारी भांडी घासत होती. तिनं ऐकलं नसावं. त्यानंतर अंधार पडेपर्यंत एकच पातेलं घासत होती.

१५ जानेवारी १९७३

पत्र आलं. दुष्काळ, रेशनचा मिलो म्हणजे ती परदेशी तांबडी ज्वारी, रस्त्याची कामं. शालूनं घडी घातली. मी म्हटलं, मागचं? म्हणाली, आत्ती, आज राहू दे. वाच म्हटलं. पान उलटून बराच वेळ बघत बसली. मग वाचलं, कैद्यांची दुसरी यादी निघणार आहे.

बघ. रशीदला काय कळतंय.

१२ मार्च

पेठ वडगावात साहेबांची सभा. सगळी पत्रं फडक्यात बांधली. शालू म्हणाली ऊन आहे, तुमचे गुडघे, नको. मी आधीच एसटीत जाऊन बसले.

भाषण संपलं, हार झाले. गर्दीतून वाट काढत गेले आणि विचारलं, दुसरी यादी कधी निघते? साहेब भला माणूस. कुठली यादी म्हणाले. मी पत्र पुढं केलं. त्यांनी पुढची बाजू वाचली. पान उलटलं. परत उलटलं.

"आजी, मागं काही नाही. तुमच्या मुलाचं मला आजच कळतंय."

सेक्रेटरीला नाव लिहून घे म्हणाले. त्याच्याकडे कागद नव्हता. त्यानं माझ्याच पत्राच्या मागं आकारामचं नाव लिहिलं, पलटणीचं नाव लिहिलं, आणि सवयीनं पत्र माझ्याच हातात परत दिलं. गाडी गेली.

मी म्हटलं, दिल्लीची शाई इथं पोचेपर्यंत उडते. कुणी हसलं नाही. शालू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

१३ मार्च, सकाळी

शालू, आज बोलतो तसंच लिही. सुधारू नगंस.

मागची बाजू कोरी हाय. मला पयल्यापासनं दिसत हुती. मोतीबिंदू कुठला आलाय, सुईत दोरा कोण ओवतंय ह्या घरात? तू वाचत हुतीस, मी ऐकत हुतो. महिन्यातनं एकदा पोरगं जित्तं व्हायचं. तुला किती जड गेलं आसंल, ते इचारायचं माझ्या ध्यानात आलं न्हाय. रशीद बोलला तवा तू ऐकलंस, त्येबी मला ठावं हुतं.

रडू नगंस, वही भिजती.

उद्या पयल्या गाडीनं जयसिंगपूरला जा. रशीदच्या घरी. त्या पोराला मी पाणीबी इचारलं न्हाय. आकारामची बरणी त्येला दे. फडकं सोडून बघ, वरचं तेल आटलं आसंल तर घाल. संगं जुंधळ्याच्या चार भाकरी बांध, मिलोच्या न्हवं. रेशनच्या मागं दडवून ठेवलेला जुंधळा काढ, आता कुणासाठी ठेवायचा? दोन कांदं घाल. चिरू नगंस, त्यो बुक्कीनं फोडंल, दोघंबी तसंच खायाची.

बरणी माघारी आणू नगंस.