न शिजणाऱ्या एकशे तेरा तामालांची हकिगत

चिंचा आल्ता, रविवार, दुपारचे चार
(पातेलं अजून चुलीवरच आहे.)

तीर्थस्वरूप हासिंताताईंना फोर्तुनातोचा अत्यंत नम्र, आणि आज जरा कमरेतून वाकूनच, नमस्कार.

तुमचे गुडघे, तुमचा पोपट आणि ताक्नाची हवा ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको सोराइदा, गेले तीन आठवडे तुमच्याकडे आहे. तिची प्रकृती उत्तम असणारच. माझ्यापासून लांब असली की तिची पाठ दुखत नाही, असं ती स्वतःच चारचौघांत सांगते.

ती का निघून आली ते तिने तुम्हाला तिच्या बाजूने सांगितलं असेलच. माझी बाजू अशी आहे की मला बाजूच नाही. त्या रविवारी चर्चहून आलेली मंडळी आमच्याकडे न्याहारीला बसली होती, सोराइदाचे तामाल खात होती आणि अशी वाहवा करत होती, की माझ्याकडे पावसुद्धा कुणी सरकवेना. तेव्हा मी सहज म्हणालो, "त्यात काय एवढं? मक्याचा गोळा पानात बांधायचा. आमच्या पोस्टात सत्तावीस वर्षं मी याहून अवघड पार्सलं बांधली." (लोक हसले. इथेच घात झाला. हसले नसते तर मी थांबलो असतो; हसले म्हणून मी तेच पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणालो.) सोराइदाने हात पुसले, एप्रन माझ्या गळ्यात अडकवला आणि दुपारच्या बसने तुमच्याकडे निघून आली. मी फोन केला की तुमचा पोपटच ओरडतो, "घरी नाही! घरी नाही!" आता पोपटाला हे कुणी शिकवलं ते मी विचारत नाही.

चौदा दिवस मी पाव आणि चीज खाल्लं. पंधराव्या दिवशी ठरवलं, की आपण तामाल करून दाखवायचे. तुमच्या स्वर्गवासी मातोश्रींची वही फडताळात सापडली. त्यातलं प्रमाण अख्ख्या गल्लीच्या जेवणाचं आहे हे मागच्या पानावर लिहिलं होतं, आणि मागचं पान मी कशाला बघू? मका भिजत घातला. तो फुगला. बादल्या भरल्या, घमेली भरली, शेवटी न्हाणीतला टब भरला, आणि शुक्रवारपासून मी आंघोळ शेजारी करतो आहे. मग त्या मक्याची सालं काढली. ताई, एवढे दाणे परमेश्वराने एकेक करून मोजले असतील असं मला वाटत नाही, पण मी मोजल्यासारखेच सोलले. पाटा-वरवंटा तुम्हाला ठाऊक आहेच, तो डोलवायचा दगड, सोराइदा गाणं म्हणत डोलवते तो. मी डोलवला तेव्हा गाणं निघालं नाही. जे निघालं ते ऐकून समोरच्या ग्रिमानेसामावशींनी खिडकी लावून घेतली. त्यातच लाल मिरच्या वाटलेल्या हाताने मी डोळे पुसले. (तामालात कांदा नसतानाही मी दोन तास का रडत होतो, असं लोक अजून विचारतात.)

पातेलं आणलं सार्जंट तेओदुलोंकडून. ते पलटणीतून निवृत्त होताना बरोबर घेऊन आले होते. केळीची पानं आणली पलीकडच्या बेनिग्नो बेकरीवाल्याच्या परसातून. आता या दोघांत अकरा वर्षं अबोला आहे. सार्जंटसाहेबांचा झुंजीचा कोंबडा बेकरीत शिरून कच्चं आंबवलेलं पीठ खाऊन आला, पोटात फुगला आणि रिंगणात उभाच राहीना. सार्जंट म्हणतात, "पिठाने माझा कोंबडा बुडवला." बेनिग्नो म्हणतो, "कोंबड्याने माझं पीठ बुडवलं." मी दोघांनाही उदार मनाने सांगून बसलो, की रविवारी खायला या.

आज सकाळी सहाला एकशे तेरा तामाल पातेल्यात गेले. प्रत्येकात मांसाचा तुकडा, ऑलिव्ह, अंडं, शेंगदाणे, आणि वरून सरकारी पार्सलाची दुहेरी गाठ. अकराला गल्ली जमली. सार्जंट उजवीकडे बसले, बेनिग्नो डावीकडे. मी पहिला तामाल काढला, गाठ सुटेना म्हणून कात्रीने कापला, आणि आत लापशी! दुसरा, लापशी. बारा वाजले, लापशी. एक वाजला तरी लापशीच.

तेव्हा ग्रिमानेसामावशी उठल्या. तामालांच्या बाबतीत आमच्या गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी पातेल्यावर कान ठेवला आणि म्हणाल्या, "अरे फोर्तुनातो, तुझी सासू सांगायची, भांडणाच्या घरात तामाल शिजत नाही. इथे कुणाचं तरी भांडण आहे."

सगळ्यांनी सार्जंटांकडे पाहिलं, मग बेनिग्नोकडे.

"फोर्तुनातो, याला सांग, माझं काही भांडण नाही," सार्जंट म्हणाले. "माझ्या कोंबड्याचं होतं. तो वारला."

"यांना सांग," बेनिग्नो म्हणाला, "की पीठसुद्धा वारलं."

"मिठ्या मारा मुकाट्याने!" मावशी कडाडल्या. "लोक उपाशी आहेत!"

त्यांनी मिठी मारली. सार्जंट रडले. बेनिग्नोही रडला आणि म्हणाला, कोंबडा खरंच देखणा होता. पातेलं उघडलं. लापशी! मग गल्लीत लाटच आली. दोन जावांनी एका कंगव्याचं भांडण मिटवलं. पाद्रीबाबांनी घंटा वाजवणाऱ्याची क्षमा मागितली. (कशाबद्दल ते दोघांनाही आठवेना, पण मागितली.) एकाने आपल्या गाढवाला ओढत आणून सर्वांसमक्ष "चुकलं बाबा माझं" म्हटलं. दर मिठीनंतर मी एक तामाल कापत होतो. लापशी, लापशी, लापशी. शेवटी भांडणं संपली, आणि सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली.

ताई, मी पोपटाशी बोलून दमलो आहे, म्हणून हे पत्र. सार्जंट मागे उभे राहून मजकूर सांगताहेत, पण पुढचं वाक्य मी त्यांना ऐकू न देता लिहितो. सोराइदाला सांगा, माझं चुकलं. एक तामाल म्हणजे काय ते मला माझ्या पाठीने, बोटांनी आणि डोळ्यांनी सांगितलं. ती चाळीस वर्षं दर रविवारी हे करत आली आणि वर गाणं म्हणत आली. घरात पाटा आहे, पण आवाज नाही. मला भूक लागत नाही. (म्हणजे लागते, पण मजा येत नाही.)

आपला आज्ञाधारक,
फोर्तुनातो

ता. क. मी हे पाकीट चिकटवणार एवढ्यात ग्रिमानेसामावशींनी मांजरासाठी खिडकीत टाकलेला सकाळचा पहिला तामाल उचलून पाहिला. घट्ट, खमंग, सुरीने कापण्यासारखा! गरम तामाल मऊच असतो म्हणे, निवल्यावर धरतो. म्हणजे मी कापलेला प्रत्येक तामाल शिजलेलाच होता. मी म्हटलं, "मावशी, एवढं साधं तुम्हाला ठाऊक नव्हतं?" त्या म्हणाल्या, "मला कसं असणार? मी जन्मभर तुझ्या सासूचे आणि बायकोचेच खाल्ले."

ता. क. दुसरा. सार्जंट आणि बेनिग्नो यांच्यात नवं भांडण लागलं आहे. मिठी आधी कुणी मारली यावरून. दोघेही म्हणतात, दुसऱ्याने. मात्र ते आता माझ्या मध्यस्थीशिवाय, थेट एकमेकांवर ओरडताहेत. गाढवाचा मालक क्षमा परत मागतो आहे. गाढव देत नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. पहिला ता. क. सोराइदाला वाचून दाखवू नका. तिला सांगा, तामाल अजून कच्चेच आहेत आणि सगळी गल्ली ताटकळत बसली आहे. तिला हे खोटं वाटणारच. गरम तामाल मऊ असतो हे तिच्या आईने तिला पाळण्यात सांगितलं असेल. तरीही सांगा. तिने खरं मानल्यासारखं केलं, तर ताक्नाची बस बुधवारी सकाळी इथे येते. मी सात वाजल्यापासून थांब्यावर असेन.