पाठकोरे कागद

१७ फेब्रु. ८४, शुक्र. माघ पौर्णिमा
उपोसथाचा उपास. सकाळी वंदना केली, मन लागलं नाही. हिशोबाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, तिथं लिहिते. कोणाजवळ तरी बोलायला पाहिजे.
काल बाजारातून आले तर हे शिकवणीच्या पोरांना गणितं करायला पाठकोरे कागद वाटत होते. एक उलटून पाहिला. पुढून रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं गाणं, यांच्याच अक्षरात. दोन पावसाळे माझ्या माहेरी, चामोर्शीकडं, भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर छत्री धरून उभं राहून उतरवलेली गाणी ती. म्हटलं, हे काय?
"काटकसर तूच शिकवलीस."
पोरं गेल्यावर कागद गोळा केले. आईनं म्हटलेल्या गाण्यांच्या पाठीवर भागाकार. आई पौषातच गेली.

२४ फेब्रु.
यांच्या जुन्या कॉलेजचं पत्र. तीन वर्षांपूर्वी तिकडं आमची वस्ती जाळली, त्यात घर गेलं, यांची टिपणांची पेटी गेली. नेसत्या कपड्यानिशी चंद्रपूरला आलो. आता प्राचार्य लिहितात, मराठीची जागा अजून भरलेली नाही. 'घरगुती कारणासाठी स्वखुशीने गेलो होतो' एवढं लिहून पाठवा, जुलैअखेर हजर व्हा.
स्वखुशीने!
हे म्हणाले, "देतो लिहून. शिकवण्यांवर किती दिवस काढणार?"
वैशाली जेवता जेवता विचारते, "बाबा, तिथल्या नव्या घराला मागचं दार असंल का?" घास तसाच राहिला यांचा.

३ मार्च
आज दुसरं पत्र, पुण्याच्या एका संस्थेचं. घर नि नोकरी सुटलेल्या अभ्यासकांना दोन वर्षं फेलोशिप देतात, असू तिथं राहून काम पुरं करायचं. मागच्या साली अर्ज केला होता, मी तर आशाच सोडली होती. संस्थेच्या मोहिले मॅडम ११ ला गाणी ऐकायला येणार. नुसत्या कागदावर कमिटीचा भरवसा नाही. बरोबरच आहे, पहिली पेटी जळालेली, दाखवायला दुसरं काय आहे?
नि तिकडं सही केली की इथला अर्ज आपोआप बाद. स्वखुशीनं गेलेल्याला विस्थापित कोण म्हणेल?
हे म्हणाले, "मार्चात कोण गाईल? रोवणा आषाढात."
मी म्हटलं, गाणं ते गाणं. माहेरी सोनाआत्याला आजच निरोप धाडते.

११ मार्च, रवि.
नको व्हायचं ते झालं.
आत्या नि तीन बाया पहिल्या बसनं आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून. मॅडम खुर्चीवर, पुढं टेप. बाया सतरंजीवर अंग चोरून. "तू म्हण ना वो." "तूच म्हण." हसू, खोकला, पुन्हा हसू. शेवटी त्यातल्या गिरजीनं सिनेमातलं एक गाणं म्हटलं.
मॅडम चांगल्या बाई, हसल्या नाहीत. यांचा कागद पुढं करून म्हणाल्या, "सर, हे ह्यांच्याचकडून ऐकलंत ना तुम्ही?"
हे कागदाची कड दुमडत राहिले.
आत्याच मग बोलली. "बाई, हातात धानाचे पऱ्हे नाई, पायाखाली चिखल नाई, गानं उठंन कुठून? अन् सुरू तं ह्या शांताची माय करे. रांगेच्या टोकाले तेच राहे. आमी झेलनाऱ्या."
जाताना मॅडम म्हणाल्या, रोवण्याच्या वेळेस कळवा. कमिटी ऑगस्टात बसेल. जमलं तर येईन, शब्द देत नाही.
'मी सांगितलं होतं' एवढं तरी यांनी म्हणायचं होतं. तेही म्हटलं नाही.

१९ एप्रिल
ऊन मरणाचं. कपड्यांवर कोळशाची काळी भुकटी. हे भिंतीकडं तोंड करून पडून असतात. जेवा म्हटलं तर "ठेव." झाकलेलं ताट संध्याकाळी मीच खाते, टाकवत नाही.
स्वखुशीचा कागद लिहून झाला, सही तेवढी बाकी. म्हणाले, "तुझ्या तथागतांच्या मागं ठेव, हरवायचा नाही." ठेवला. रोज मेणबत्ती लावताना तसबिरीमागून त्याची कड दिसते. 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलणार नाही, तोंडात येते नि अडते.

१५ मे. बुद्ध पौर्णिमा
खीर केली. हे विहारापर्यंत आले, आत आले नाहीत, चपलांजवळ उभे. शेजारचे रामटेके भाऊ म्हणाले, "सर, माजरीच्या कोळसा खदानीत वजनकाट्यावर कामाले लावून देऊ का? वजन लिहाचं, बस." हे म्हणाले, "बघू." पूर्वीचे असते तर दोन कोट्या केल्या असत्या.

१३ जुलै, शुक्र. आषाढी पौर्णिमा
वर्षावास लागला. वंदना आटोपून माहेरी गेले. आत्या पऱ्ह्यात वाकलेली, रोपं उपटत, मान वर न करता म्हणते, "कोन हाये? आमची मॅट्रिक?"
म्हटलं, आत्या, औंदा गाल ना?
"तुह्या मायची टोकाची जागा खालीच हाये पोरी. दुसरी उभी केली तं बाकीच्यायच्या तोंडून निंगतच नाई. तू ये."
"मला येत नाही गाणं."
"तुले कोन इचारून राह्यलं? उभी राय फक्त."
लग्नानंतर मी चिखलात पाय घातलेला नाही. २६ तारीख ठरली. मॅडमना कार्ड टाकलं.

२४ जुलै, मंगळ.
मॅडमचं काही नाही. आज यांनी सही केली. तसबिरीमागून कागद काढला, पाकिटात घातला, पत्ता लिहिला. २८ ची गाडी. वैशालीनं तिचं दप्तर पलंगाखाली लपवलंय.
म्हटलं, परवा एकदा धुऱ्यावर चला.
"आता कशाला?"
"माझ्यासाठी."
पाकीट खिशात घातलं. चामोर्शीलाच टाकीन म्हणाले.

२६ जुलै, गुरु. माहेरी
दुपारची बस आली, गेली. मॅडम नाहीत. हे धुऱ्यावर छत्रीखाली, वैशाली त्यांच्या पायाशी.
मी टोकाला. पोटरीपर्यंत गार चिखल. पऱ्ह्याची जुडी डाव्या हातात कशी धरायची तेच आठवेना. "अवं, जोडव्यात चिखल जाईन वो मॅट्रिकबाईच्या!" गिरजी. सगळ्या हसल्या. मी वाकले. हात चालायला लागला, नि थोड्या वेळानं, कुठून कोण जाणे,
बांधीमंदी उभी माय, पानी पोटरीले जाय...
आवाज माझाच. आईसारखा चिरका. मागून साऱ्या रांगेनं झेलला. डोळे पुसायला हात कोरडा नव्हता.
पुढची ओळ आली. मग आणखी. सांजेपर्यंत थांबलो नाही.
हे कधी पाण्यात उतरले कळलंच नाही. धोतर भिजलेलं, छत्री वैशालीकडं. कागद संपला होता. ओरडले, "शांता, मघाची ओळ पुन्हा म्हण!" नाव घेऊन. चार बायांसमोर. आत्यानं पदर तोंडाला लावला. "जावईबापूले चढली वाटते."
घरी येऊन पाहते तर शेवटची गाणी त्या सही केलेल्या कागदाच्या पाठीवर. पाकीट फाडलेलं. विचारलं, हे काय केलंत? "हातात तोच आला." एवढंच. जेवले मात्र. दुसऱ्यांदा भात मागितला.
सही तशीच आहे, वाचता येते. नवं पाकीट आठ आण्यातही मिळेल. मॅडमचं पत्र येईल, नाही येईल.
कागद ओला आहे. चुलीच्या कडेला वाळत घातला. गाण्याची बाजू वर ठेवलीय, शाई फुटू नये म्हणून. सकाळी हे उठून कोणती बाजू आधी वाचतात, पाहायचं.