जाळी कोणी काढली

अण्णा,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. आता मी अंबरनाथच्या एका कंपनीत कायदा विभागाची प्रमुख आहे. तुम्ही असता तर आधी विचारलं असतंत, वकील खरी, पण कोणाच्या बाजूची? पगार कंपनीचा, म्हणून बाजूही कंपनीची. इतकं साधं आहे ते.

विठ्ठलवाडीच्या आपल्या खोलीत रविवारी माणसं बसायची, कोणाच्या हातात मेमो, कोणाच्या हातात चार्जशीट. तुम्ही युनियनचे, कंपनीच्या चौकशीत कामगाराच्या शेजारी बसणारे. आई भाजी निवडतेय, तुम्ही इंग्रजी कागदाची एकेक ओळ मराठीत सांगताय, आणि समोरच्याचा चहा गार होतोय. त्याच जागी अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म मी तुमच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, इथे सही करा, उशीर होतोय. केवढे चिडलात. "आधी वाचून दाखव. घाई सही करणाऱ्याला नसते, करून घेणाऱ्याला असते." मी मुसमुसत चारही पानं वाचली. तुमचा तेव्हा फार राग आला होता.

गेल्या वर्षी आमच्याकडे प्रेस मशीनवर एका कामगाराची उजव्या हाताची दोन बोटं गेली. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळी असते, ती काढलेली होती. माल भराभर निघावा म्हणून सुपरवायझरनेच काढायला लावली होती. हे सगळ्या खात्याला माहीत होतं, मलाही. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जाऊन मी त्याचा जबाब घेतला. घेतला म्हणजे काय, ऑफिसातून इंग्रजीत टाइप करूनच नेला होता. जाळी मी माझ्या मर्जीने काढली, असं त्यात होतं. त्याला इंग्रजी येत नाही. मी जागा दाखवली, त्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. त्याच कागदावर चौकशी उरकली आणि त्याची नोकरी गेली.

तो कामगार न्यायालयात गेला. काल माझी साक्ष होती. जबाब मराठीत वाचून दाखवला होता, असं मी शपथेवर सांगितलं. त्याच्या वकिलाने फिरवून फिरवून विचारलं, मी तेच सांगत राहिले. आवाजसुद्धा हलला नाही. बाहेर व्हरांड्यात तो बाकावर बसलेला. शिव्या देईल म्हणून मी जिन्याकडे वळले, तर तो उठून उभा राहिला.

"मॅडम, अण्णांनी माझी पण चार्जशीट वाचलेली, जुन्या कंपनीत. तुम्ही त्यांची पोरगी, म्हणून मी बिनधास्त सही मारली ना."

मी मान हलवली. बदलापूरला घरी आले, कुकर लावला, जेवले. रडू यायला हवं होतं. आलं नाही. आज सकाळी साहेबांनी साक्ष उत्तम झाली म्हणून फोन केला, मी थँक्यू म्हणाले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. त्या दिवशी हॉस्पिटलात मी गेले तेव्हा, मी तुमची मुलगी, हे त्याला ठाऊक नव्हतं. पेन हातात धरून तो थांबला होता, कागदात काय लिहिलंय असं विचारत होता. त्याच्या फाइलमध्ये जुन्या नोकरीच्या रकान्यात तुमच्या कंपनीचं नाव मी आधीच पाहून ठेवलं होतं. तुमचं नाव मीच काढलं, अण्णा.