पलंग वासुदेवच्या हरभऱ्यात गेला त्याची हकीकत

२२ फेब्रुवारी, रविवार
सिमरोल रस्ता, इंदूर

सकाळी पाहुणे गेले. मग मोटरचा फ्यूज बदलला, लसणाला पाणी दिले (वाफा एकच आहे). दुपारी खिचडी केली, जेवलो. आता पेरूखाली खुर्ची टाकून लिहितो आहे.

सौ. सुलोचनाताईंना विष्णूचा नमस्कार, बाबूरावांनाही. तुमचा गुडघा आणि त्यांची साखर दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. पत्राच्या डोक्यावर 'श्री' घातलेला नाही. वसुधाचे वर्ष अजून व्हायचे आहे, तेव्हा घालावा की नाही हे मला ठाऊक नाही. असल्या गोष्टी तीच सांगत असे. चुकले असेल तर तुम्ही मनातल्या मनात घालून घ्या. फोन सोडून पत्र कशाला, असे तुम्हाला वाटेल. फोनवर मी 'हो' आणि 'ठीक' यांच्यापुढे जात नाही अशी तुमची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. दिवाळीत तुम्ही म्हणालात, "विष्णूराव, दोघी बहिणींची जमीन होती, एक गेली. आता विका आणि मोकळे व्हा. मी मार्चनंतर सही करणार." त्यावरही मी 'ठीक' म्हणालो. ते 'ठीक' म्हणजे 'हो' नव्हते. मग काय होते, ते सांगायला मला एवढा कागद लागतो आहे.

ज्या गृहस्थांना जमीन हवी आहे ते विजय नगरचे आहेत आणि त्यांना इथे कॉलनी काटायची आहे (आपल्या इंदुरात कॉलनी बांधत नाहीत, काटतात, कलिंगडासारखी). तुमचा अर्धा भाग रस्त्याकडचा. तो गेला की वसुधाच्या अर्ध्यात यायला वाटच राहत नाही, म्हणजे तुमची एक सही झाली की दोन्ही अर्धे गेले. हे तुम्हाला माहीत आहेच. तुम्हाला माहीत नाही ते एवढेच, की गेल्या चार-पाच महिन्यांत मी इथे काय करून ठेवले आहे. पूर्वाने तुम्हाला 'बाबा शेतावर काहीतरी करताहेत' एवढेच सांगितले असेल. मुलगी हुशार आहे, बापाची अब्रू राखते.

वसुधाला खोलीत झोप येत नसे, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. राजेंद्र नगरच्या घरी होळी झाली की आमचा बिछाना गच्चीवर जायचा. मग कधीतरी रात्री चार थेंब पडायचे, आम्ही गाद्या गोळा करून खाली यायचो, थेंब थांबायचे आणि ती गाद्या घेऊन पुन्हा वर निघायची. एकदा जिन्याच्या वळणावर मी गादीखाली असा अडकलो, की मला वरही जाता येईना आणि खालीही. ती वरच्या पायरीवर उभी राहून शांतपणे म्हणाली, "अहो, बिछान्याला चाकं लावा." तुमच्या वडिलांच्या, आप्पांच्या या जमिनीवर काय करायचे, याबद्दलचा तिचा बेतही साधा होता. शहरातल्या लोकांना इथे आणायचे, रात्री आकाश दाखवायचे आणि सकाळी पोहे द्यायचे. मी म्हणायचो की याला कोण येईल. ती म्हणायची, तुम्ही पोहे शिका, बाकी माझ्याकडे लागले. पोहे मी शिकलो, पण ती गेल्यावर.

ऑक्टोबरात पूर्वाने तिच्या ऑफिसातल्या भाषेत मला समजावले, की हल्ली लोक सुटीत खोली घेत नाहीत, 'एक्सपीरियन्स' घेतात आणि खोली त्याच्याबरोबर येते. मी वीज मंडळातला माणूस. तिथे लोकांना अनुभव भरपूर यायचे, पण त्यासाठी कुणी आपण होऊन आले नाही. तरी मला वसुधाची चाके आठवली. मातीच्या विटांच्या तीन भिंती उभ्या केल्या. लोखंडी अँगलचे दोन रूळ टाकले, ते खोलीतून निघून बाहेर शेतापर्यंत जातात. त्यांवर सरकत्या फाटकाची चार चाके लावलेला मोठा पलंग बसवला. संध्याकाळी ढकलून चांदण्यात न्यायचा, थेंब आले तर ओढून आत आणायचा. चौथ्या बाजूला भिंत घालता येत नव्हती म्हणून दुकानाला असते तसे शटर लावले. ही पहिली चूक. पहिल्या दिवशी सकाळी मी ते वर केले, त्याचा आवाज गावापर्यंत गेला आणि दहा मिनिटांत एक म्हातारबा साखर मागायला आले. मागून दोन बायका काडेपेटीसाठी आल्या. आत पलंग पाहून कुणाला काही वाटले नाही. दुकानदार झोपत असेल असे समजून त्यांनी साखर कधी येणार तेवढे विचारले. आता मी घरात थोडी साखर आणि काडेपेट्या जादा ठेवतो. (लोक परत जातात ते बघवत नाही.)

दुसरी अडचण तुमचीच. वर्ष व्हायच्या आत नवी वास्तू नको, असे तुम्ही बजावले होते. पूर्वा म्हणाली, बाबा, ही वास्तू नाही, प्रॉडक्ट आहे. त्याने माझे समाधान झाले नाही म्हणून मी अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या आपल्या शाम गुरुजींना स्कूटरवर बसवून इथे आणले. त्यांनी खोलीला फेरी मारली, शटर खाली-वर करून पाहिले आणि निर्णय दिला, की तीनच भिंती आहेत तोवर वास्तू पुरी झालेली नाही, तेव्हा वास्तुशांतीची घाई नाही. पलंगाला मात्र चाके आहेत, म्हणजे ते वाहन झाले, आणि वाहनाच्या पूजेला वर्षाची आडकाठी नाही. पूजेचा दिवस ठरला जानेवारीतला, आणि त्याच दिवशी पहिले पाहुणे यायचे होते. अश्विन आणि सुरभी, पुण्याचे, लग्नाला वर्षही झालेले नाही. ते दुपारीच येऊन थडकले. गुरुजींनी अश्विनकडून नारळ फोडवला, सुरभीकडून पलंगाच्या चारही पायांवर स्वस्तिक काढवले. दोघांना वाटले हा सगळा कार्यक्रम त्यांच्यासाठीच आहे आणि पैशांत धरलेला आहे. मीही त्यांचा तो समज राहू दिला.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढची चूक तीन माणसांनी मिळून केली आहे. मी फरशीला शेताकडे उतार दिला होता, पावसाचे पाणी निघून जावे म्हणून. शिवाय त्याच पाण्यासाठी शेजारच्या वासुदेव पटेलांच्या शेताकडचा बांध थोडा फोडला होता (त्यांना विचारून). पाणी जिकडे जाते तिकडे चाकेही जातात, ही गोष्ट सबंध नोकरीत माझ्यासमोर कधी आली नाही. तरी पूजेसाठी पलंग बाहेर काढला तेव्हा सावधगिरी म्हणून मी चाकांपुढे विटा लावल्या होत्या. गुरुजींना चाकांखाली लिंबे ठेवायची होती. विटांमुळे जागा होईना म्हणून त्यांनी विटा बाजूला सरकवल्या आणि लिंबे सकाळपर्यंत हलवायची नाहीत असे पाहुण्यांना सांगून ते माझ्याच स्कूटरवरून घरी गेले. त्यांना सोडून परत आलो तेव्हा अंधार पडला होता. पाहुणे रजया घेऊन बाहेर झोपायला गेलेही होते. चार लिंबांच्या भरवशावर. मला हे काहीच ठाऊक नव्हते, मी मोटरघरात गाढ झोपलो.

सकाळी जाग आली ती वासुदेवजींच्या आवाजाने. आवाज अगदी हळू होता, दवाखान्यात बोलतात तसा. "साब, तमारा पामणा म्हारा चणा में सूता हे." बाहेर येऊन पाहिले तर रूळ रिकामे, रुळांवर चार लिंबांची साले, आणि बांधाच्या पलीकडे, अगदी कडेला नव्हे, चांगला आत, वासुदेवजींच्या हरभऱ्यात आमचा पलंग उभा. चाके ओल्या मातीत रुतलेली, दोन्ही रजयांवर दव, आणि त्यांखाली पुण्याची दोन माणसे शांत झोपलेली. पिकाचे नुकसान झाले होते, वासुदेवजी चिडले असते तर त्यांचे चुकले नसते. पण ते बोट ओठांवर ठेवून उभे होते, कारण पाहुणे झोपले होते. मग सुरभी उठून बसली. चारही बाजूंना हरभरा. समोर सूर्य. तिने खाली वाकून एक डहाळी उपटली, घाटे सोलून तोंडात टाकले आणि नवऱ्याला हलवून म्हणाली, "अरे ऊठ, हे लोक आपल्याला शेतात नेऊन ठेवतात."

ताई, मला हसू आले. मोठ्याने आले आणि थांबेना. वासुदेवजींनी माझ्याकडे एकदा पाहिले, मग तोंड फिरवून आपल्या पिकाकडे बघत उभे राहिले. मी किती दिवसांनी हसतो आहे, ते त्यांना माहीत होते. नंतर आम्ही चौघांनी तो पलंग ढकलत परत आणला आणि मी पोहे केले. सुरभीने दोनदा घेतले. (शेव अन्नपूर्णेजवळच्या दुकानातली होती, हे लपवत नाही.)

त्या दोघांनी इंटरनेटवर जे लिहिले ते पूर्वाने मला वाचून दाखवले. 'पहाटे तुमचा पलंग आपोआप हरभऱ्याच्या शेतात जातो. यजमान अजिबात बोलत नाहीत, हे फार आवडले.' पूर्वाने सोयींच्या रकान्यात गरम पाणी, पार्किंग यांच्याखाली 'शांत यजमान' असे घातले आहे. मी काढ म्हणालो, तिने काढले नाही. तेव्हापासून जे येतात ते रात्री जेवताना विचारतात, शेतात किती वाजता जायचे? मी आता रुळांना पक्का अडसर आणि हाताचा ब्रेक बसवला आहे आणि त्यांना सांगतो की तो अपघात होता. त्यांचे चेहरे पडतात. एका भोपाळच्या बाईंनी तर स्पष्ट म्हटले, "भाईसाहब, हम तो उसी के लिए आए थे." (दुसऱ्या एकांनी चंद्राचा उजेड फार पडतो अशी तक्रार केली आहे. त्यावर मी विचार करतो आहे.)

शेवटी मी भरपाई विचारायला वासुदेवजींकडे गेलो. त्यांनी पैशाचा विषय काढू दिला नाही. चहा दिला, बांधालगतच्या पट्टीकडे बोट केले आणि म्हणाले, "अबके बरस याँ मटर बोवाँगा साब. चणो चुभे हे." आमच्या पाहुण्यांना टोचू नये म्हणून तो माणूस आपल्या शेताची एक पट्टी बदलणार आहे. आम्ही दोघांनी मिळून रूळ त्यांच्या पट्टीत कुठपर्यंत न्यायचे ते दोरी लावून पाहिले. उतार आता मुद्दाम ठेवायचा आहे, ब्रेकसकट. पुढच्या थंडीत मटार असेल. मी पुढच्या थंडीचा विचार करतो आहे, हे लिहिताना माझ्या लक्षात आले.

एवढेच सांगायचे होते. बाबूरावांना सांगा, टाचेच्या भेगांना चुन्याचे पाणी लावून पाहावे, माझ्या टाचेला गुण आला. पूर्वा मजेत आहे. तुमच्या उत्तराची घाई नाही.

आपला,
विष्णू

ता. क. घाई आहे. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, त्याला तुम्ही येणारच. त्यानंतर चार दिवसांनी मुहूर्त निघतो, तेव्हा इथली वास्तुशांत करून घ्यावी असे मनात आहे. चौथी भिंत म्हणून शटर धरायला गुरुजी तयार झाले आहेत. पण वास्तुशांतीला जोडपे लागते. एकट्या पुरुषाला बायकोच्या जागी कमरेला सुपारी लावून बसता येते म्हणतात. सुपारीला वसुधा म्हणणे मला जमणार नाही. तुम्ही आणि बाबूराव बसाल का? जागा तुम्हा दोघींची, तेव्हा हे तुमचेच काम आहे असे मला वाटते.

ता. क. दुसरा. पूर्वा म्हणते, असेही लिहा की वास्तुशांत केलेली जागा वर्षभर विकू नये अशी रूढी आहे. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "अशी रूढी नाही, पण कुणी विचारलं तर आहे म्हणेन." तेव्हा तुम्ही त्यांना विचारू नका, मला त्यांना खोटे बोलायला लावायचे नाही. सहीचे कागद बरोबर घेऊन या. पूजा झाल्यावर एक रात्र त्या पलंगावर बाहेर झोपा, आणि सकाळी तुम्ही म्हणाल तिथे मीही सही करीन. बाबूरावांना गार वारा सोसत नाही, ते आत शटर लावून झोपले तरी चालेल. तुम्हालाही लहानपणी खोलीत झोप येत नसे, असे वसुधा सांगायची.

आता उठतो. सकाळच्या पाहुण्यांच्या चादरी भिजत घातल्या आहेत, ऊन आहे तोवर वाळायला हव्यात. डबलची चादर पिळायला दोन माणसे लागतात. मी एक टोक हापशाच्या दांड्याला बांधतो आणि दुसरे हातात धरून पीळ देत देत मागे जातो. चांगली पिळली जाते.